परवाना जालन्याचा, मुक्काम पुण्याचा

घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातील एखादा तरुण २००५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, जालन्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयातून दुचाकी आणि मोटार चालविण्याचा परवाना घेतो. पुढे नोकरीनिमित्त चाकणला जातो. लग्न होते, दोन-तीन भाड्याची घरे बदलून अखेर हप्त्यांवर स्वतःचे घर होते, मुले शाळेत जाऊ लागतात. या सगळ्या काळात परवाना पाकिटाच्या एका कप्प्यात पडून असतो. कोणी मागितला तर दाखवायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा, एवढाच त्याचा उपयोग. आणि २०२५ साली एके दिवशी सहज तारीख पाहताना ध्यानात येते की मुदत संपून दोन महिने उलटले आहेत. त्या घटकेला मनात येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता यासाठी जालन्याला जावे लागणार का? सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास, दोन दिवसांची रजा, आणि एका फेरीत काम झाले नाही तर पुन्हा तोच हेलपाटा.

असे प्रसंग जालना जिल्ह्यातील हजारो घरांत घडतात. कारण या जिल्ह्याचे मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर बाहेर आहे. कोणी पुणे-पिंपरीत, कोणी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, कोणी मुंबईत, कोणी सुरत-हैदराबादला. परवाना मात्र बहुतेकांनी गावी असतानाच, कॉलेजच्या दिवसांत काढलेला असतो.

प्रश्नाचे उत्तर सुखद आहे. नूतनीकरणासाठी मूळ कार्यालयात जाण्याची सक्ती कायद्यात नाही. पुष्कळांचा असा समज आहे की ही सोय संगणकामुळे अलीकडे झाली. वस्तुतः ती त्याहून बरीच जुनी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ साली संमत झाला आणि १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १५ ची सुरुवातच अशी आहे की ‘कोणताही’ परवाना प्राधिकारी त्याच्याकडे अर्ज आल्यास परवान्याचे नूतनीकरण करू शकतो. परवाना देणाराच प्राधिकारी असला पाहिजे, अशी अट तेथे घातलेली नाही. उलट याच कलमाच्या सहाव्या उपकलमात पुढची व्यवस्थाही सांगितली आहे: नूतनीकरण करणारा प्राधिकारी आणि मूळ परवाना देणारा प्राधिकारी वेगळे असतील, तर नूतनीकरण करणाऱ्याने ती गोष्ट मूळ कार्यालयास कळवावी. म्हणजे कळविण्याची जबाबदारी कार्यालयाची. परवानाधारकाने दोन गावांच्या मध्ये कागद घेऊन धावावे, असे विधिमंडळाच्या मनात नव्हते.

मग लोकांची समजूत उलटी का झाली? त्याला दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे, नवा परवाना काढताना हद्दीचा नियम पूर्वी कडक होता. अर्जदार जेथे सामान्यतः राहतो किंवा व्यवसाय करतो, त्या हद्दीतील कार्यालयाकडेच अर्ज करावा लागे. २०१९ च्या दुरुस्तीने हा नियम शिथिल होऊन राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली. पण जे नव्या परवान्याला लागू होते तेच नूतनीकरणालाही लागू असणार, असे लोकांनी गृहीत धरले. दुसरे कारण ‘एनओसी’ या शब्दाचे. वाहन एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कायमचे न्यायचे तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. तो नियम वाहनाच्या नोंदणीचा आहे, चालकाच्या परवान्याचा नाही. तरीही गाडी आणि माणूस या दोघांचे कागद लोकांच्या बोलण्यात एकत्र कालवले गेले, आणि काही ठिकाणी खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्यांच्याही बोलण्यात.

अर्थात खिडकीपलीकडच्या माणसाची अडचण अगदीच खोटी नव्हती. परवान्याची मूळ नोंद त्या काळी मूळ कार्यालयाच्या जाडजूड नोंदवहीत असे. पुण्याच्या लिपिकासमोर जालन्याची छोटी पुस्तिका ठेवली, तर ती खरी आहे की कोणी छापून दिलेली आहे, हे त्याने कशावरून ओळखावे? त्यामुळे काही कार्यालये नूतनीकरणापूर्वी मूळ कार्यालयाकडून खातरजमेचे पत्र मागवीत. ते टपालाने येण्यास वेळ लागे, म्हणून अर्जदारालाच ‘तुम्हीच पत्र घेऊन या’ असे सांगितले जाई. कायद्यात नसलेला हेलपाटा व्यवहारात आला तो असा. या हेलपाट्यानेच मध्यस्थांचा धंदाही पोसला. जालन्याचा मध्यस्थ पत्र काढून देई, पुण्याचा मध्यस्थ ते स्वीकारले जाईल याची काळजी घेई, आणि दोघांचाही मेहनताना एकाच खिशातून जाई.

हाच प्रश्न जालन्यापुरता आणखी एका कारणाने गुंतागुंतीचा आहे. जालना हा जिल्हाच मुळी १ मे १९८१ रोजी जन्माला आला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातून, तर परतूर परभणी जिल्ह्यातून काढून तो बनला. बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके नंतर झाले. आज जिल्ह्यात आठ तालुके आहेत. म्हणजे १९८१ पूर्वी परतूरच्या एखाद्या ट्रकचालकाने काढलेला परवाना परभणीचा आणि भोकरदनच्या चालकाचा औरंगाबादचा. ही माणसे आपल्या घरातून कोठेही हलली नाहीत, जिल्ह्याची सीमा मात्र त्यांच्यावरून सरकली. त्या काळच्या कायद्यान्वये परवान्याची मुदत आजच्याइतकी दीर्घ नसे, त्यामुळे नूतनीकरण वारंवार करावे लागे. परवाना परभणीचा, पहिले नूतनीकरण परभणीत, नंतरची जालन्यात, अशी शिक्क्यांनी भरलेली पाने या भागातील जुन्या चालकांच्या पुस्तिकांत सापडतात. ‘परगावी’ नूतनीकरण हा प्रकार येथे स्थलांतरितांपुरता मर्यादित कधीच नव्हता.

नूतनीकरणाने खोटे खरे होत नाही

खातरजमेचा आग्रह किती गांभीर्याने घ्यावयाचा, हे समजण्यासाठी न्यायालयांकडे पाहिले पाहिजे. बनावट परवाना घेऊन तो दुसऱ्या कार्यालयात खरोखरीचे शुल्क भरून नूतनीकृत करून घेतला, तर काय? मूळ कागद खोटा, पण त्यावरचा नूतनीकरणाचा शिक्का अस्सल. असा प्रश्न ‘न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध कमला’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २००१ सालच्या या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की जे मुळातच बनावट आहे त्याला नंतरच्या कोणत्याही नूतनीकरणाने वैधता प्राप्त होत नाही. कार्यालयाने फसून शिक्का मारला, एवढ्याने परवाना जिवंत होत नाही.

याचा फटका चालकापेक्षाही गाडीमालकाला अधिक बसतो. जालन्याच्या सळ्यांच्या कारखान्यांतून माल बाहेर नेणारे ट्रक, बियाणे कंपन्यांचे टेम्पो, मोसंबीच्या हंगामातील गाड्या, या सर्वांवर बाहेरगावचे आणि परराज्यांतील चालक असतात. मालक परवाना पाहतो, नूतनीकरणाची तारीख पाहतो आणि गाडी ताब्यात देतो. अपघात झाला आणि परवाना बनावट निघाला, तर विमा कंपनी हात वर करते. याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००४ साली ‘नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग’ या खटल्यात जी दिशा घालून दिली ती आजही पायाभूत मानली जाते. परवाना नाही, बनावट आहे किंवा मुदत संपलेला आहे, एवढे दाखवून विमा कंपनीला अपघातग्रस्त तिऱ्हाइताची भरपाई सहजी नाकारता येत नाही. मालकाने योग्य ती काळजी घेतली नव्हती, हे तिला सिद्ध करावे लागते. मात्र पुष्कळ प्रकरणांत कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. म्हणजे अपघातग्रस्ताचे कुटुंब सावरते, पण वसुलीची नोटीस मालकाच्या दारी येते.

तेव्हा चालक ठेवताना नूतनीकरणाचा शिक्का पाहून थांबू नये. परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख घेऊन परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मूळ नोंद दिसते की नाही, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

दोन महिन्यांची पोकळी

आता पुन्हा चाकणच्या त्या गृहस्थाकडे वळू. मुदत संपून त्याला दोन महिने झाले आहेत. या दोन महिन्यांत तो रोज मोटारसायकलने कामावर गेला. कायद्याच्या दृष्टीने तो काय होता? २०१९ पूर्वी उत्तर थोडे मवाळ होते. मुदत संपल्यावरही परवाना तीस दिवस प्रभावी राही आणि या तीस दिवसांत अर्ज केला तर नूतनीकरण मूळ मुदतीच्या तारखेपासूनच धरले जाई. मध्ये खंड पडत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने ही तीस दिवसांची सवलत काढून टाकली. आता मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो, पण नूतनीकरण लागू होते ते प्रत्यक्ष नूतनीकरणाच्या तारखेपासून. अर्ज करण्याची खिडकी एकीकडे रुंदावली आणि दुसरीकडे सवलतीचे दिवस नाहीसे झाले. ‘वर्षभर अवधी आहे’ या ऐकीव वाक्यावर विसंबणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही की अवधी अर्जाचा आहे, वाहन चालविण्याचा नाही.

त्या गृहस्थाच्या परवान्यात म्हणूनच दोन महिन्यांची पोकळी कायमची राहणार. पोलिसाने पकडले तर कलम १८१ खाली पाच हजार रुपयांचा दंड, ही त्यातल्या त्यात किरकोळ बाब. खरी धास्ती अपघाताची. परवान्याची मुदत संपल्यानंतर अपघात झाला आणि नूतनीकरण त्यानंतर झाले, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली विमा कंपनीची जबाबदारी मान्य केली नव्हती, कारण अपघाताच्या दिवशी वैध परवाना अस्तित्वातच नव्हता. नंतर मिळालेले नूतनीकरण मागे जाऊन ती जागा भरू शकत नाही.

मुदत एक वर्षाहून अधिक उलटली तर नुसत्या अर्जाने भागत नाही. सक्षमतेची चाचणी पुन्हा द्यावी लागते. पूर्वी ही मर्यादा पाच वर्षांची होती, ती आता एका वर्षावर आली आहे. चाचणी आली की घरबसल्या काम होण्याची शक्यता संपते आणि कोणत्या तरी कार्यालयाच्या मैदानावर गाडी घेऊन उभे राहणे आले. वीस वर्षे गाडी चालविणाऱ्या माणसाला निरीक्षकासमोर आठच्या आकारात मोटारसायकल फिरवून दाखवताना जे वाटते, ते त्याने तारीख वेळेवर पाहिली असती तर टळले असते.

येथे मुदतीचा हिशेब सांगणे आवश्यक आहे, कारण तो दोनदा बदलल्यासारखा झाल्याने एकाच घरातील दोन परवान्यांवर निरनिराळी गणिते दिसतात. २०१९ पूर्वीच्या तरतुदीप्रमाणे खासगी वाहनाचा परवाना वीस वर्षांसाठी किंवा वयाची पन्नास वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत वैध असे. पन्नाशीनंतर तो पाच-पाच वर्षांनी नवा करावा लागे. या हिशेबाने २००५-०६ च्या सुमारास काढलेले परवाने २०२५-२६ मध्ये संपतात. त्याच काळात गावागावांत कर्जावर मोटारसायकली आल्या आणि ज्यांच्या घरात पूर्वी सायकलच होती अशी मुले परवान्याच्या रांगेत उभी राहिली. त्या पिढीचे परवाने आता एकामागून एक मुदतीला येत आहेत, आणि ती पिढीच नोकरीसाठी सर्वांत जास्त बाहेर पडलेली आहे.

२०१९ नंतरचे गणित वयावर आहे. तिशीच्या आत परवाना दिला किंवा नवा केला तर तो वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात दहा वर्षे मिळतात. पन्नास ते पंचावन्न या वयात साठ वर्षे पूर्ण होईपर्यंत, आणि पंचावन्ननंतर पाच-पाच वर्षे. आपला बेचाळीस वर्षांचा गृहस्थ २०२५ मध्ये नूतनीकरण करील तर परवाना २०३५ पर्यंत, म्हणजे त्याच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत चालेल. त्यानंतर त्याला साठीपर्यंतचा मिळेल.

करोनाच्या काळाने या हिशेबात आणखी एक गोंधळ घातला. कार्यालये बंद असल्याने १ फेब्रुवारी २०२० पासून संपणाऱ्या परवान्यांना केंद्रीय मंत्रालयाने वेळोवेळी मुदतवाढ दिली आणि ती अखेर ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत पोहोचली. ती वाढ तेथेच संपली. त्या वेळी ‘आपोआप वाढली आहे’ म्हणून स्वस्थ बसलेल्यांपैकी काहींना आता चाचणीसह सगळे सोपस्कार करावे लागतात.

नोंद सापडली तर

आजची प्रत्यक्ष पद्धत ‘सारथी’ या राष्ट्रीय संगणक प्रणालीवर चालते. परिवहन सेवा संकेतस्थळावर राज्य निवडून परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख भरली की नोंद समोर येते. नव्या धर्तीचा क्रमांक वाचता येण्यासारखा असतो. आरंभी राज्याची खूण, मग कार्यालयाचा क्रमांक, नंतर परवाना दिल्याचे वर्ष आणि शेवटी सात अंकी अनुक्रमांक. एमएच-२१ दिसले की जालना, एमएच-२० म्हणजे छत्रपती संभाजीनगर, एमएच-२२ परभणी, एमएच-१२ पुणे, एमएच-१४ पिंपरी-चिंचवड. नूतनीकरण अन्यत्र झाले तरी हा क्रमांक बदलत नाही. वीस वर्षे पुण्यात राहिलेल्याच्या कार्डावरही एमएच-२१ राहते, आणि त्यात वावगे काही नाही.

नोंद समोर आली की अर्ज ज्या कार्यालयाकडे करावयाचा ते निवडायचे. पिन कोड भरला की त्या भागाचे कार्यालय प्रणालीच सुचविते. चाळिशी ओलांडलेल्यांना वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. महाराष्ट्रात ते प्रणालीवर नोंदणी केलेले डॉक्टर संगणकावरच भरतात. चाळिशीच्या आतील व्यक्तीला स्वतःच्या प्रकृतीबाबतचे नमुना १ मधील घोषणापत्र पुरते, मात्र व्यावसायिक वाहनाच्या चालकाला कोणत्याही वयात वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावेच लागते. पूर्वी नूतनीकरणासाठी नमुना ९ हा वेगळा अर्ज असे, २०२१ च्या बदलानंतर जवळजवळ सर्व कामांसाठी नमुना २ हा एकच अर्ज आहे. केंद्रीय नियमांच्या डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीत नूतनीकरणाचे शुल्क २०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये ठरले. उशिरा येणाऱ्यांसाठी ३०० रुपये आणि विलंबाच्या प्रत्येक वर्षास वा वर्षाच्या भागास १,००० रुपये जादा, अशी तरतूद आहे. नेमकी रक्कम प्रणालीच दाखविते. तिच्यावर जे काही मागितले जाईल ते शासनाचे नव्हे.

मार्च २०२१ मध्ये केंद्राने अठरा सेवा आधार क्रमांकाच्या पडताळणीवर, कार्यालयात न जाता, देण्याची अधिसूचना काढली. चाचणीची गरज नसलेले नूतनीकरण आणि पत्त्यातील बदल या दोन्ही त्यात होत्या. सप्टेंबर २०२२ मध्ये अशा सेवांची संख्या अठ्ठावन्न झाली. आधारची पडताळणी ज्यांना करावयाची नाही किंवा जमत नाही, त्यांना कार्यालयात जाण्याचा मार्ग खुला आहेच.

हे सारे सुरळीत होते ते नोंद समोर आली तर. खरी अडचण नोंद न सापडणाऱ्यांची आहे. हस्तलिखित पुस्तिकांच्या काळातील, किंवा संगणकीकरणाच्या आरंभी कार्यालयातल्या स्थानिक संगणकावर नोंदलेले काही परवाने राष्ट्रीय नोंदीत आलेच नाहीत, किंवा आले ते चुकीची जन्मतारीख आणि नावातील अक्षरांची अदलाबदल घेऊन. अशा परवान्याची मागाहून नोंद, जिला खात्याच्या भाषेत ‘बॅकलॉग’ म्हणतात, मूळ कार्यालयालाच करावी लागते, कारण जुनी नोंदवही त्याच्याकडे आहे. कायद्याने मोकळा केलेला रस्ता येथे पुन्हा जालन्याच्या दाराशी येऊन थांबतो. निदान तेथवर जाण्यापूर्वी पुस्तिकेच्या सर्व पानांच्या स्पष्ट प्रती, जुन्या नूतनीकरणांच्या शिक्क्यांसह, जवळ असाव्यात. १९८१ पूर्वीच्या परवान्यांत मूळ कार्यालय परभणीचे की औरंगाबादचे, हे पहिल्या पानावरून आधी पाहून घ्यावे. नाही तर जालन्याला जाऊन पुन्हा परभणी गाठावी लागायची.

एकाच प्रणालीवर सारा देश आणल्याचा दुसरा अनुभव २०२४ च्या आरंभी आला. ३१ जानेवारी ते १२ फेब्रुवारी या काळात सारथीची सेवा विस्कळीत झाली आणि त्या दिवसांत संपणारे परवाने २९ फेब्रुवारीपर्यंत वैध मानावेत, असे मंत्रालयाला कळवावे लागले. नोंदवहीच्या काळात एका कार्यालयाचा कारभार अडला तर तो त्या जिल्ह्यापुरता अडत असे.

नोंद सापडत नाही म्हणून काहीजण एक सोपा वाटणारा मार्ग धरतात. जुन्या परवान्याचा उल्लेखच न करता नव्या गावी शिकाऊ परवाना काढायचा आणि मग नवा पक्का परवाना. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे एक परवाना अमलात असताना दुसरा बाळगता येत नाही. शिवाय या मार्गाने जुना अनुभवही कागदावरून पुसला जातो, आणि ज्यांची भाकरी चालकपणावर आहे त्यांना तो महाग पडतो. चालकाच्या नोकरीत ‘परवाना किती वर्षांचा’ हे पहिल्यांदा विचारले जाते.

जालन्यात आलेले

आतापर्यंत जालन्याहून बाहेर गेलेल्यांचा विचार झाला. पण ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण ज्या शहरासाठी पडली, त्या शहराकडे बाहेरून येणारेही पुष्कळ आहेत. लोखंडाच्या कारखान्यांत बिहार आणि उत्तर प्रदेशातील कामगार मोठ्या संख्येने आहेत. राज्य राखीव पोलीस दलाच्या गट क्रमांक ३ मुळे राज्याच्या निरनिराळ्या भागांतील जवानांची कुटुंबे येथे राहतात. बँका, शाळा, महसूल खाते यांतील बदल्यांवर आलेले वेगळेच. यांच्या परवान्यांवर पाटणा असेल, गोरखपूर असेल किंवा कोल्हापूर. कलम १५ मधील ‘कोणताही परवाना प्राधिकारी’ हे शब्द राज्याच्या सीमेपाशी थांबत नाहीत, त्यामुळे परराज्यातील परवान्याचेही नूतनीकरण जालन्यात मागता येते.

त्यांची अडचण पत्त्याच्या पुराव्याशी येते. भाड्याच्या खोलीत चार-पाच जण मिळून राहणाऱ्या कामगाराच्या नावे ना वीजबिल असते ना भाडेकरार. आधार कार्डावर गावाकडचाच पत्ता असतो, आणि तो बदलण्यास तो सहसा तयार नसतो, कारण गावाकडची शिधापत्रिका आणि शेताचे कागद त्या पत्त्याशी बांधलेले असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४ मध्ये वय व पत्त्याच्या पुराव्यांची यादी आहे. तीत मतदार यादी, पारपत्र, आयुर्विमा पॉलिसी अशा गोष्टी आहेत. त्याचबरोबर सबळ कारणाने यांपैकी काहीच देता येत नसेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केलेले प्रतिज्ञापत्र प्राधिकारी स्वीकारू शकतो, असेही त्यात म्हटले आहे. ‘शकतो’ म्हणजे स्वीकारलेच पाहिजे असे नाही. पण ही वाट नियमातच आहे, हे माहीत असलेला अर्जदार खिडकीवरून सहसा रिकाम्या हाती परत येत नाही. अर्जाची पोच घेऊनही काम विनाकारण अडवून ठेवले, तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली विहित मुदतीबाबत अपील करता येते. या अधिनियमाचा वापर परिवहनाच्या कामांत अजून फारसा कोणी करताना दिसत नाही.

व्यावसायिक चालकांना हे सगळे अधिक वेळा करावे लागते. त्यांच्या परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षे होती, ती आता पाच वर्षे आहे. धोकादायक मालाची वाहतूक करणाऱ्यांना एक वर्षाऐवजी तीन वर्षे मिळतात, पण नूतनीकरणापूर्वी एक दिवसाचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. समृद्धी महामार्गाने जालना नागपूर आणि मुंबई या दोन्हींशी जोडले गेल्यापासून येथील चालक महिन्यातील बरेच दिवस बाहेरच असतात, तेव्हा मुदतीच्या दिवशी तो ज्या गावी असेल तेथे अर्ज करता येणे ही त्याच्या दृष्टीने रोजीची बाब आहे. याच वर्गाशी संबंधित आणखी एक निकाल ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची गरज नाही, असे त्यात ठरले. मोसंबी आणि भाजीपाला वाहणारे छोटे टेम्पो याच मर्यादेत येतात. त्यांच्या चालकांना नूतनीकरणाच्या वेळी व्यावसायिक वर्गाची नोंद नाही म्हणून कोणी घाबरवीत असेल, तर हा निकाल लक्षात असावा.

राहिला तो शेवटचा टप्पा, आणि परगावी नूतनीकरण करणाऱ्यांची सर्वाधिक फसगत तेथेच होते. अर्ज मंजूर होतो, भ्रमणध्वनीवर संदेश येतो, आणि कार्ड टपालाने निघते. कोठे? तर परवान्याच्या नोंदीत जो पत्ता असेल तेथे. चाकणच्या गृहस्थाने नूतनीकरणाबरोबर पत्त्यातील बदलाची सेवा निवडली नाही, तर त्याचे नवे कार्ड घनसावंगी तालुक्यातील त्याच्या जुन्या घरी जाईल. घर बंद असेल किंवा टपाल घेणारे कोणी नसेल, तर ते कार्यालयाकडे परत येईल. मग ते आणण्यासाठी तोच प्रवास, जो टाळण्यासाठी सगळा खटाटोप केला. पत्ता बदलण्याचे शुल्क २०० रुपये आहे आणि तो नूतनीकरणाच्या अर्जातच, त्याच वेळी बदलता येतो. त्याचबरोबर नोंदीतील भ्रमणध्वनी क्रमांकही पाहावा. तो २००५ साली दिलेला, केव्हाच बंद पडलेला क्रमांक असेल, तर टपालाचा संदेशही येणार नाही. कार्ड हाती पडेपर्यंत डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपवरील परवाना दाखविता येतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार तो कागदी परवान्याइतकाच ग्राह्य आहे.